हलका कोड एडिटर घडवताना : एक गाभा, टर्मिनल आणि डेस्कटॉप ही दोन रूपे, आणि प्लगइनसाठी मोकळी वाट

कोड एडिटर लिहिण्याचे काम सुरुवातीला वाटते त्यापेक्षा सोपे असते आणि पुढे वाटते त्यापेक्षा बरेच अवघड होत जाते. साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २०१६ साली लिहिलेला ‘किलो’ हा एडिटर सी भाषेतील हजाराहून कमी ओळींत बसतो. त्यात फाइल उघडते, मजकूर बदलता येतो, शोध घेता येतो आणि कोडला रंगही मिळतो. अडचणी सुरू होतात त्या यापुढे : शेकडो एमबीची लॉग फाइल, जोडाक्षरे, भरवशाचे अनडू, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेले प्लगइन (एडिटरला जोडायचे छोटे पूरक प्रोग्रॅम), आणि हे सारे टर्मिनलमध्ये व स्वतंत्र खिडकीत सारखेच चालावे ही अपेक्षा.

पुढे दिलेला क्रम असा एडिटर शून्यापासून उभा करू पाहणाऱ्यासाठी आहे. वाचकाला एखादी प्रोग्रॅमिंग भाषा नीट अवगत आहे असे येथे गृहीत धरले आहे. क्रमामागे दोन निर्णय आहेत आणि बाकीचे बहुतेक सगळे त्यांतूनच निघते. पहिला, मजकूर सांभाळणाऱ्या गाभ्याला आपण कोणत्या पडद्यावर दिसणार आहोत हे ठाऊक नसावे. दुसरा, एडिटरबरोबर येणाऱ्या बहुतेक सोयी आपण स्वतःच प्लगइन म्हणून, बाहेरच्या लेखकाला मिळेल त्याच एपीआयवर, म्हणजे एडिटरशी बोलण्यासाठी ठरवून दिलेल्या फंक्शनांवर, लिहाव्यात.

हलकेपणाचे माप आधी ठरवावे

‘हलका’ हे विशेषण मोजता आले नाही तर काही महिन्यांत त्याचा अर्थ उरत नाही. म्हणून पहिली ओळ लिहिण्यापूर्वी तीन मर्यादा कागदावर मांडाव्यात : एडिटर सुरू होऊन पहिले अक्षर टाइप करता येईपर्यंतचा वेळ, कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा वेळ, आणि फाइलच्या आकाराच्या तुलनेत लागणारी मेमरी. माझ्या मते टर्मिनलमधील आरंभ ५० मिलिसेकंदांच्या आत व्हावा. कळीचा परिणाम एका फ्रेमच्या आत दिसावा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. ॲटम हा एडिटर २०१४ मध्ये लोकांसमोर आला आणि त्याच्यासाठी बनलेल्या पायावरून इलेक्ट्रॉन ही चौकट जन्माला आली; प्लगइनच्या बाबतीत तो अतिशय उदार होता, पण मंदपणाची टीका त्याला चिकटून राहिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला. विस्तारक्षमता आणि वेग यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

भाषेच्या निवडीवर फार काळ घालवू नये. सी, रस्ट, झिग, सी प्लस प्लस यांपैकी जी येते ती घ्यावी. गो भाषेत लिहिलेला ‘मायक्रो’ हा टर्मिनल एडिटर पाहता कचरा गोळा करणारी, म्हणजे न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारी भाषाही चालते, फक्त मेमरीचे माप थोडे सैल ठेवावे लागते.

मजकूर कसा साठवावा

सर्वांत भोळी रचना म्हणजे ओळींची यादी : प्रत्येक ओळ एक स्ट्रिंग. लहान फाइलसाठी ती उत्तम चालते आणि तिथेच ती फसवते, कारण प्रत्येक ओळीमागे लागणारा वरखर्च ओळी लाखोंच्या घरात गेल्यावरच दिसतो. व्हीएस कोड २०१८ पर्यंत अशीच ओळींवर आधारित रचना वापरत होता. त्या वर्षी त्याच्या चमूने रचना बदलली, तेव्हा त्यांनी दिलेले उदाहरण ३५ एमबीच्या एका फाइलचे होते : तिच्यात सुमारे १ कोटी ३७ लाख ओळी होत्या आणि ती उघडल्यावर जवळपास ६०० एमबी मेमरी खर्ची पडत असे.

पर्याय मुख्यतः तीन आहेत. गॅप बफर (बफर म्हणजे मेमरीत मजकूर ठेवण्याची जागा) म्हणजे एकच लांब ॲरे, ज्यात कर्सरपाशी मोकळी जागा राखलेली असते. टाइप केलेले अक्षर त्या जागेत पडते आणि कर्सर दूर गेला की मधला मजकूर सरकवावा लागतो. ईमॅक्स आजही हीच पद्धत वापरतो, त्यामुळे ती जुनाट म्हणून टाळण्याचे कारण नाही. मात्र एकाच वेळी अनेक कर्सरवर टाइप करण्याची सोय द्यायची असेल, तर ती मोकळी जागा प्रत्येक कळीला फाइलभर फिरते.

दुसरा पर्याय पीस टेबल. मूळ फाइल जशीच्या तशी, कधीही न बदलणारी ठेवायची. नवा टाइप केलेला मजकूर दुसऱ्या बफरच्या शेवटी जोडत जायचा. आणि ‘मूळ बफरमधील इथून इतके बाइट, मग नव्या बफरमधील तिथून तितके’ अशा तुकड्यांच्या यादीतून दस्तऐवज उभा करायचा. झेरॉक्स पार्कमधील १९७४ च्या ‘ब्राव्हो’ या एडिटरमध्ये ही कल्पना वापरली गेली होती. व्हीएस कोडने २०१८ मध्ये स्वीकारली ती याच रचनेची संतुलित वृक्षावर बसवलेली आवृत्ती. तिचा एक मोठा फायदा असा की जुना मजकूर कधी पुसलाच जात नाही, त्यामुळे अनडू जवळजवळ फुकट मिळते.

तिसरा पर्याय रोप : मजकुराचे छोटे तुकडे पानांवर ठेवलेला संतुलित वृक्ष, ज्याच्या प्रत्येक गाठीत खालच्या मजकुराचे बाइट, कोडपॉइंट (युनिकोडमधील एकेका चिन्हाचा क्रमांक) आणि ओळी यांच्या बेरजा असतात. हान्स बोम, रस ॲटकिन्सन आणि मायकल प्लास यांनी ही रचना १९९५ मध्ये मांडली. त्या बेरजांमुळे ‘चाळीस हजारावी ओळ कितव्या बाइटवर सुरू होते’ या प्रश्नाचे उत्तर फाइल न चाळता, वृक्षाच्या उंचीइतक्या पायऱ्यांत मिळते. गाठी न बदलणाऱ्या ठेवल्या, तर एखाद्या क्षणाचा संपूर्ण मजकूर दुसऱ्या थ्रेडला (समांतर चालणाऱ्या कामाला) देणे म्हणजे केवळ मुळाचा पत्ता देणे होते. शोध किंवा रंगकाम मागे चालू असताना वापरकर्ता निर्धास्तपणे टाइप करत राहतो. प्लगइनधारी एडिटरसाठी हा गुण मला निर्णायक वाटतो, म्हणून येथे रोपचीच शिफारस आहे. रस्टमध्ये ‘रोपी’ ही तयार लायब्ररी मिळते आणि हेलिक्स हा एडिटर तिच्यावरच उभा आहे. सी भाषेत स्वतः लिहिणार असाल, तर एका पानात ५१२ ते २०४८ बाइट ठेवून सुरुवात करावी आणि मोजून बदल करावा.

कोणतीही रचना निवडली तरी बाहेरच्या कोडला ती दिसू देऊ नये. बफरचा दरवाजा अगदी अरुंद असावा : या टप्प्यातील मजकूर दे, या टप्प्याच्या जागी हा मजकूर ठेव, ओळीवरून स्थान सांग, स्थानावरून ओळ सांग. एवढ्या चार कामांवर बाकीचा एडिटर उभा राहतो, आणि उद्या रचना बदलायची झाली तर बदल एका फाइलपुरता राहतो.

स्थान, अक्षर आणि रुंदी

येथे घाई केली तर पुढे प्रत्येक थरात दुरुस्त्या कराव्या लागतात. मजकुरातील जागा मोजण्याची निदान चार एकके आहेत : यूटीएफ-८ चे बाइट, युनिकोडचे कोडपॉइंट, वाचकाला एक अक्षर वाटणारा ग्राफीम क्लस्टर, आणि पडद्यावरील स्तंभ. ‘स्त्री’ हा शब्द घ्या. यूटीएफ-८ मध्ये तो १८ बाइटांचा आहे आणि त्यात सहा कोडपॉइंट आहेत. युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार त्याचे तीन क्लस्टर पडत. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी नियम आला आणि तो एकच क्लस्टर झाला. बॅकस्पेस दाबल्यावर संपूर्ण ‘स्त्री’ जावे की केवळ वेलांटी, हा निर्णय एडिटरचा आहे. माझे मत असे की उजवी-डावी कळ क्लस्टरने हलावी आणि बॅकस्पेसने मात्र शेवटचा कोडपॉइंट काढावा, कारण देवनागरीत टाइप करणाऱ्याला चुकलेली मात्रा दुरुस्त करायची असते, पूर्ण जोडाक्षर पुन्हा लिहायचे नसते. इमोजीसाठी नेमका उलटा नियम लागतो.

गाभ्यात सर्वत्र बाइटचे अंतर हेच एकक ठेवावे आणि बाकीची एकके गरजेच्या वेळी काढावीत. भाषा-सर्व्हरचा, म्हणजे एडिटरला कोडमधील त्रुटी आणि सूचना पुरवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमचा, एलएसपी हा प्रोटोकॉल मात्र पूर्वापार ओळीतील स्थान यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतो. २०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून दोन्ही बाजूंनी सहमतीने दुसरे एकक ठरवता येते. रूपांतराचे हे काम एकाच ठिकाणी कोंडून ठेवावे, नाहीतर इमोजी असलेल्या ओळीत चुकीच्या जागी रेघा उमटतात आणि कारण सापडता सापडत नाही.

बदल, अनडू आणि खुणा

बफरमधील प्रत्येक बदल एकाच आकाराच्या नोंदीत बसवावा : सुरुवातीचे स्थान, काढलेला मजकूर, घातलेला मजकूर. या नोंदीची उलटी नोंद यांत्रिकपणे तयार होते, आणि अनडू म्हणजे उलट्या नोंदी उलट क्रमाने लावणे. वापरकर्त्याच्या दृष्टीने एक कृती असलेल्या नोंदी एका व्यवहारात गुंफाव्यात. ‘सर्व ठिकाणी बदला’ या आज्ञेने नऊशे बदल केले तरी ते एका अनडूत परत गेले पाहिजेत. सलग टाइप केलेली अक्षरेही एका व्यवहारात जोडावीत आणि कर्सर हलला, टायपिंग थोडा वेळ थांबले किंवा फाइल जतन झाली की व्यवहार मिटवावा. व्यवहार सुरू होण्यापूर्वीची कर्सरची जागाही नोंदीत ठेवावी, अन्यथा अनडूनंतर कर्सर भलतीकडे जाऊन बसतो.

याच थरात खुणांची सोय हवी. खूण म्हणजे मजकुराबरोबर सरकणारे स्थान : दहाव्या ओळीवर त्रुटीची खूण आहे आणि वर तीन ओळी घातल्या, तर ती आपोआप तेराव्या ओळीवर गेली पाहिजे. नेमक्या खुणेवरच नवा मजकूर घातला तर ती त्याच्या डावीकडे राहणार की उजवीकडे जाणार, हेही प्रत्येक खुणेसोबत नोंदलेले असावे. निवडलेला भाग, कर्सर, शोधाचे निकाल, त्रुटी, घडी घातलेले कोडचे भाग हे सगळे खुणांवर बसते. ही सोय गाभ्यात नसली की प्रत्येक प्लगइनलेखक आपापली अर्धवट आवृत्ती लिहितो.

फाइल जतन करणे

वापरकर्ता मंद एडिटर सहन करतो. फाइल गमावणारा एडिटर सहन करत नाही. मूळ फाइल रिकामी करून तिच्यात लिहायला घेतले आणि मध्येच वीज गेली किंवा डिस्क भरली, तर जुनेही जाते आणि नवेही. म्हणून त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहावी, एफसिंक या सिस्टिमच्या हाकेने ती डिस्कवर उतरल्याची खात्री करावी, मूळ फाइलच्या परवानग्या तिला द्याव्यात आणि मग रीनेम करावे. पॉझिक्स (युनिक्स धाटणीच्या) प्रणालींवर एकाच फाइलसिस्टिममधील रीनेम अखंड असते, म्हणजे पाहणाऱ्याला जुनी फाइल दिसते किंवा नवी, अर्धी कधीच दिसत नाही. यात दोन खाचखळगे आहेत. फाइल सिंबॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) असेल तर आधी खरा पत्ता शोधावा, नाहीतर लिंकच नष्ट होते. हार्ड लिंक (त्याच फाइलची आणखी नावे) असतील तर रीनेममुळे त्या तुटतात, तेव्हा अशा फाइलची प्रत काढून ठेवून मग जागेवरच लिहिणे बरे. फाइलच्या ओळी विंडोज पद्धतीने संपत होत्या की युनिक्स पद्धतीने, आरंभी बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) होता की नव्हता, शेवटी नवी ओळ होती की नव्हती, हे उघडताना टिपून घ्यावे आणि तसेच परत लिहावे. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी आवृत्ती-नियंत्रणात संपूर्ण फाइल बदललेली दिसली की सहकाऱ्यांचा त्या एडिटरवरचा विश्वास उडतो.

टर्मिनलचे रूप

टर्मिनलचे रूप आधी लिहावे, कारण तेथे फॉन्ट, खिडक्या आणि ग्राफिक्स कार्ड यांचा पसारा नसतो आणि गाभ्यातील दोष लवकर दिसतात.

टर्मिनल सामान्यतः एंटर दाबेपर्यंत ओळ स्वतःकडे ठेवते. ते थांबवण्यासाठी टर्मिओस या व्यवस्थेतून रॉ मोड चालू करावा लागतो : कळा आपोआप उमटणे बंद, ओळीनुसार साठवण बंद, कंट्रोल-सी चा संकेत बंद, आणि कंट्रोल-एस व कंट्रोल-क्यू यांनी होणारे प्रवाहनियंत्रणही बंद. हे शेवटचे राहून गेले तर वापरकर्ता जतन करण्यासाठी कंट्रोल-एस दाबतो आणि पडदा गोठतो. त्यानंतर पर्यायी पडद्यावर जायचे, म्हणजे एस्केप संकेतमालेतील (टर्मिनलला द्यायच्या खास सूचनांतील) १०४९ क्रमांकाची सोय चालू करायची, म्हणजे एडिटर बंद केल्यावर शेलचा जुना मजकूर जसाच्या तसा परत दिसतो. २००४ क्रमांकाची सोय चिकटवलेला मजकूर खुणेच्या दोन टोकांमध्ये बंद करून पाठवते. ती नसेल तर चिकटवलेल्या कोडच्या प्रत्येक ओळीवर आपोआप इंडेंट चढत जाते आणि मजकूर जिन्यासारखा उजवीकडे सरकतो. कार्यक्रम कोसळला तरी या सगळ्या सोयी पूर्ववत करणारा कोड चालेल अशी तजवीज पहिल्याच दिवशी करावी.

कळांच्या बाबतीत टर्मिनल गोंधळाचे आहे आणि त्याचे कारण ऐतिहासिक आहे : १९७८ च्या व्हीटी-१०० च्या काळातील संकेतच आजही चालतात. टॅब आणि कंट्रोल-आय दोन्ही ९ क्रमांकाचा बाइट पाठवतात, एंटर आणि कंट्रोल-एम दोन्ही १३, तर एस्केपची कळ पाठवते तो २७ हाच बाइट बाणांच्या आणि ऑल्टच्या संकेतांचाही आरंभ असतो. म्हणून २७ आल्यावर थोडे थांबून, साधारण २५ ते ५० मिलिसेकंदांत पुढे काही येते का हे पाहावे लागते. किटी या टर्मिनलने मांडलेला नवा कळ-प्रोटोकॉल हा संदिग्धपणा काढतो आणि आता इतर काही टर्मिनलेही तो ओळखतात; मिळाला तर वापरावा, पण त्यावर विसंबू नये. मूलभूत आज्ञा जुन्याच कळांवर पोहोचल्या पाहिजेत.

चित्रणासाठी अक्षरांच्या घरांच्या दोन जाळ्या ठेवाव्यात, एक सध्या पडद्यावर असलेली आणि एक हवी असलेली. प्रत्येक घरात क्लस्टर, रुंदी आणि शैली असते. दोन्हींची तुलना करून फरक पडलेल्या घरांपुरतेच संकेत एका बफरमध्ये जमवावेत आणि एकाच राइटमध्ये पाठवावेत. २०० स्तंभ आणि ५० ओळींच्या पडद्यावर १०,००० घरे होतात. तुलना संगणकाला जाणवतही नाही, पण दूरच्या सर्व्हरवर एसएसएच ने काम करताना पाठवलेल्या बाइटांतली बचत स्पष्ट जाणवते. खिडकीचा आकार बदलला की सिगविंच हा सिग्नल येतो. त्याच्या हँडलरमध्ये केवळ एक खूण वर करावी आणि खरे काम मुख्य चक्रात करावे.

देवनागरी किती घरे व्यापते याबद्दल टर्मिनलांचे एकमत नाही, आणि एडिटरने केलेला हिशेब टर्मिनलच्या हिशेबाशी जुळला नाही की कर्सर अक्षरापासून दूर दिसतो. निदान त्या ओळीपुरते नुकसान मर्यादित ठेवता येते : ज्या ओळीत लॅटिनबाहेरील मजकूर आहे तिची तुकड्यातुकड्याने दुरुस्ती न करता ती पूर्ण पुन्हा काढावी आणि पुढच्या ओळीआधी कर्सरची जागा स्पष्ट आकड्यांनी सांगावी.

डेस्कटॉपचे रूप

आता त्याच गाभ्याला खिडकी द्यायची. येथे एक मोह होतो : डेस्कटॉपलाही घरांची जाळीच द्यावी, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्रण चालेल. निओव्हिम या टर्मिनल एडिटरची बाहेरील रूपे याच तत्त्वावर चालतात आणि कोडपुरते ते चांगले चालते. पण त्यामुळे बदलत्या रुंदीचे फॉन्ट, मृदू स्क्रोल आणि नीट आकार घेतलेली जोडाक्षरे यांवर पाणी सोडावे लागते. माझी शिफारस एक पायरी वरची आहे. गाभ्याने जाळीऐवजी ‘शैली लावलेल्या ओळी’ द्याव्यात, म्हणजे मजकूर आणि त्यावरील रंगांचे टप्पे, आणि त्या कोठे मोडायच्या, किती रुंद होतात, हे रूपाने ठरवावे. कर्सर वर-खाली नेताना किंवा लांब ओळ गुंडाळताना गाभ्यालाही रुंदी लागते. म्हणून रूपाने गाभ्याला मोजमापाचे एक फंक्शन पुरवावे. टर्मिनलचे फंक्शन घरे मोजते, डेस्कटॉपचे पिक्सेल मोजते, आणि गाभा दोन्हींना केवळ आकडा समजतो.

खिडकी आणि कळांसाठी एसडीएल, अक्षरांना आकार देण्यासाठी हार्फबझ आणि त्यांचे चित्र काढण्यासाठी फ्रीटाइप हे त्रिकूट पुरेसे हलके आहे. ‘लाइट’ हा छोटा एडिटर सी, लुआ आणि एसडीएल एवढ्यावरच उभा आहे आणि त्याचा कोड वाचण्यासारखा आहे. हार्फबझ टाळून प्रत्येक कोडपॉइंट वेगळा रंगवला तर इंग्रजी कोड ठीक दिसेल, पण ‘क्ष’ मोडून पडेल आणि वेलांटी चुकीच्या बाजूला जाईल. एकदा काढलेली अक्षरचित्रे एका मोठ्या चित्रपटलावर जपून ठेवावीत. काही बदललेले नसेल तेव्हा काहीही रंगवू नये. लुकलुकणाऱ्या कर्सरसाठी सेकंदाला साठ वेळा संपूर्ण खिडकी रंगवणारे एडिटर लॅपटॉपची बॅटरी खातात. मराठी, जपानी अशा भाषांतून टाइप करणाऱ्यांसाठी इनपुट मेथडची (अनेक कळांतून एक अक्षर जुळवणाऱ्या सोयीची) अर्धवट अक्षरे बफरमध्ये न घालता कर्सरपाशी वरून दाखवावी लागतात; हे काम शेवटी ढकलले की ते राहूनच जाते.

रूप आणि गाभा वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवावेत का? राफ लेव्हियन यांच्या ‘झाय’ एडिटरने नेमके तेच केले होते, आणि प्रकल्प थांबल्यावर २०२० साली त्यांनी स्वतःच लिहिले की त्या विभागणीने गुंतागुंत वाढवली. एका प्रोसेसमध्ये, स्वच्छ सीमेचे दोन मॉड्यूल एवढेच पुरते.

आज्ञा आणि कळा

प्रत्येक कृतीला नाव असलेली आज्ञा करावी आणि कळा या आज्ञांच्या नावांशी जोडाव्यात, थेट फंक्शनांशी जोडू नयेत. मग आज्ञा-शोधपट्टी, मेनू, मॅक्रो आणि प्लगइन एकाच तक्त्यावरून चालतात. कोणती कळ कोणत्या संदर्भात लागू, याची अट जोडणीसोबत नोंदवावी.

प्लगइन : एपीआय हाच खरा करार

प्लगइन चालवण्याचे तीन मार्ग आहेत : एडिटरच्या पोटात छोटी भाषा बसवणे, वेबअसेंब्लीच्या बंद खोलीत कोड चालवणे, किंवा वेगळी प्रोसेस सुरू करून तिच्याशी संदेशांतून बोलणे. वेबअसेंब्लीत सुरक्षितता चांगली मिळते आणि कोणत्याही भाषेत लिहिता येते, पण प्लगइनलेखकाला आधी कंपाइल करावे लागते, आणि दहा ओळींची सोय लिहू पाहणारा तिथेच परत फिरतो. वेगळ्या प्रोसेसचा मार्ग जड विश्लेषकांसाठी उत्तम आहे. कंसामागे कंस घालण्यासारख्या कामाला मात्र तो जुळत नाही, कारण उत्तर येईपर्यंत वापरकर्त्याने पुढची दोन अक्षरे टाइप केलेली असतात. म्हणून सुरुवात पोटातल्या भाषेने करावी. १९९३ साली रिओ द जानेरोच्या पीयूसी विद्यापीठात जन्मलेली लुआ त्यासाठी सर्वांत सोयीची आहे : ती शुद्ध सी मध्ये लिहिलेली आहे, तिचा तयार इंटरप्रिटर अर्ध्या एमबीहून लहान असतो, आणि निओव्हिम, मायक्रो, लाइट या तिघांनी ती निवडली आहे.

एपीआयची रचना करताना पुढील गोष्टी मी तडजोडीबाहेर ठेवीन. प्लगइनला बफरचा पॉइंटर कधीही देऊ नये. एक क्रमांक द्यावा आणि प्रत्येक हाकेला तो अजून जिवंत आहे का हे तपासावे, कारण प्लगइनने जपून ठेवलेला बफर वापरकर्ता कधीही बंद करू शकतो. बदल केवळ व्यवहारांतूनच व्हावेत, म्हणजे प्लगइनने केलेले कामही एका अनडूत परत जाते. बफर बदलल्याच्या घटनेत प्लगइनने पुन्हा बफर बदलला तर अनंत चक्र सुरू होते; म्हणून घटना चालू असताना आलेले बदल रांगेत टाकावेत आणि घटना संपल्यावर लावावेत. फाइल जतन होण्यापूर्वीची घटना हा यातला जाणीवपूर्वक ठेवलेला अपवाद, कारण मांडणी नीट करणाऱ्या प्लगइनला त्याच क्षणी बदल करायचे असतात.

प्रत्येक हाक लुआच्या संरक्षित हाकेतूनच व्हावी, म्हणजे प्लगइनमधील चूक संदेशपट्टीवर त्याच्या नावासह दिसते आणि एडिटर चालू राहतो. लुआ आपल्या त्रुटी सी च्या लाँगजंपने, म्हणजे मधली फंक्शने ओलांडून थेट मागे उडी घेऊन, फेकते. रस्ट किंवा सी प्लस प्लसच्या फ्रेमवरून अशी उडी गेली तर साफसफाईचे कोड चालत नाहीत, तेव्हा त्या भाषांत तयार आणि तपासलेला दुवा वापरणेच शहाणपणाचे. अडकून बसलेल्या प्लगइनसाठी लुआच्या डीबग व्यवस्थेत ठरावीक सूचनांनंतर हाक मारणारा हुक लावता येतो. त्यात घड्याळ पाहावे आणि मर्यादा ओलांडली की त्रुटी फेकून काम तोडावे. लांबलचक कामांसाठी को-रुटीन (मध्येच थांबून पुढे चालू होणारी फंक्शने), टायमर आणि बाहेरची प्रोसेस चालवण्याची न थांबणारी सोय द्यावी, म्हणजे लेखकाला मुख्य चक्र अडवून ठेवण्याचे निमित्तच उरत नाही.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट असावे. लुआचा पर्यावरण-तक्ता छाटून फाइल आणि प्रोसेसची फंक्शने काढता येतात व त्यांच्या जागी परवानगी विचारणारी आपली फंक्शने ठेवता येतात. त्यातून चुकून होणारे नुकसान टळते. मात्र प्लगइनला नेटिव्ह लायब्ररी उघडण्याची किंवा तयार बाइटकोड चालवण्याची मुभा राहिली तर ती भिंत नावापुरती उरते, तेव्हा ही दोन्ही दारे बंदच ठेवावीत.

प्रत्येक प्लगइनसोबत एक छोटी माहितीफाइल असावी : नाव, आवृत्ती, अपेक्षित एपीआय क्रमांक, आणि ते कशाने जागे व्हावे, म्हणजे कोणती आज्ञा, कोणता फाइलप्रकार. एडिटर सुरू होताना केवळ या माहितीफाइली वाचाव्यात, आणि लुआचा कोड गरज पडल्यावरच लोड करावा. आरंभाची ५० मिलिसेकंदांची मर्यादा तीस प्लगइन बसवल्यावरही टिकते ती यामुळेच. शिवाय प्रत्येक प्लगइनने किती वेळ खाल्ला हे दाखवणारी आज्ञा अंगभूत असावी.

आणि आता दुसरा निर्णय अमलात आणावा. कंसजोडी, शोध आणि बदल, फाइलवृक्ष, टिप्पणी करणे-काढणे, स्थितीपट्टी, हे सगळे आपण स्वतः प्लगइन म्हणून लिहावे. पहिल्या दोन-तीन सोयी लिहितानाच एपीआय कोठे तोकडा आहे ते कळते : स्थितीपट्टीला घटना हव्या असतात, फाइलवृक्षाला मजकुराखेरीज दुसरे पॅनेल हवे असते, शोधाला हजारो खुणा एकदम लावायच्या असतात. एखाद्या सोयीसाठी गाभ्यात गुपचूप आडवाट काढावीशी वाटली, तर एपीआय अजून अपुरा आहे असे समजावे.

रंग आणि भाषा-सर्व्हर

रंगकामाची पहिली आवृत्ती रेग्युलर एक्सप्रेशनवर (मजकुराचे नमुने शोधणाऱ्या सूत्रांवर) चालेल. प्रत्येक ओळीच्या शेवटची अवस्था, उदाहरणार्थ ‘बहुओळी टिप्पणीच्या आत’, जपून ठेवावी. ओळ बदलली की तिथून पुढे रंगवत जावे आणि नवी अवस्था जुन्या अवस्थेशी जुळली की थांबावे. रेग्युलर एक्सप्रेशनचे इंजिन रेषीय वेळेची हमी देणारे निवडावे, कारण मागे फिरणाऱ्या इंजिनांना एखादी विचित्र ओळ मिनिटभर अडकवू शकते. पुढची पायरी ट्री-सिटर : तो फाइलचा वाक्यवृक्ष बांधतो, बदल झाल्यावर त्याचा प्रभावित भागच पुन्हा बांधतो आणि अर्धवट कोडमध्येही गडबडत नाही. मात्र प्रत्येक भाषेचे व्याकरण वेगळे कंपाइल होऊन येते आणि काही व्याकरणांचा आकार कित्येक एमबी भरतो, म्हणून ती एडिटरमध्ये न भरता मागणीनुसार आणावीत.

एलएसपी जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेनव्ही यांनी एकत्र जाहीर केला. सर्व्हर ही वेगळी प्रोसेस असते आणि तिच्याशी जेसन-आरपीसी संदेशांतून बोलायचे असते. प्रत्येक संदेशाआधी त्याची बाइटांतील लांबी सांगणारी ओळ येते. उत्तर येईपर्यंत बफर बदललेला असू शकतो, म्हणून प्रत्येक मागणीसोबत बफरचा आवृत्तीक्रमांक जपावा आणि शिळे उत्तर टाकून द्यावे. हेही काम प्लगइनमध्येच करावे; ज्याला सर्व्हर नको त्याच्या मेमरीत त्याचा कोडही येता कामा नये.

चाचण्या

गाभ्याला पडदा ठाऊक नसल्याचा मोबदला येथे मिळतो. बफरसाठी यादृच्छिक चाचणी लिहावी : एकीकडे रोप, दुसरीकडे साधी स्ट्रिंग, दोन्हींवर तेच लाखो घालणे-काढणे, आणि प्रत्येक पायरीनंतर मजकूर, ओळींची संख्या व खुणांची तुलना. त्यानंतर सगळे अनडू करून मूळ मजकूर बाइट-बाइट जुळतो का ते पाहावे. पूर्ण एडिटरची चाचणी पडद्याविना चालणाऱ्या तिसऱ्या रूपातून करावी, जे कळांची यादी घेते आणि शेवटी शैली लावलेल्या ओळी परत देते. टर्मिनलच्या रूपाची चाचणी तयार झालेल्या जाळीची नोंद तपासून होते. नमुना फाइलींत एक शेकडो एमबीची, एक अनेक एमबी लांबीची एकच ओळ असलेली, एक यूटीएफ-८ मोडलेली आणि एक देवनागरी व इमोजी मिसळलेली ठेवावी. सुरुवातीला ठरवलेल्या तीन मर्यादा प्रत्येक बदलासोबत आपोआप मोजल्या जाव्यात, आणि त्या ओलांडणारा बदल चाचणी अयशस्वी झाल्याप्रमाणे परत पाठवावा.

एपीआयचा पहिला क्रमांक जाहीर करण्यास घाई करू नये. आपली अंगभूत प्लगइने आणि बाहेरच्या दोन-तीन लेखकांची प्लगइने त्यावर काही काळ चालू द्यावीत. तोवर क्रमांक शून्य ठेवावा आणि मोडतोड होईल असे स्पष्ट लिहावे. एकचा आकडा दिल्यानंतर मात्र जुनी फंक्शने काढण्यापूर्वी निदान एक पूर्ण आवृत्ती त्यांनी इशारा देत चालत राहावे, आणि तो इशारा वापरकर्त्याच्या तोंडावर न येता प्लगइनलेखकाच्या नोंदवहीत जावा.